राजेंद्रबाबू : हरकत नोंदवून सही करणारे राष्ट्रपती

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे : ‘डॉ. राजेंद्रप्रसाद एवढे हुशार वकील, त्यात घटना समितीचे अध्यक्ष. मग बारा वर्षं मंत्रिमंडळ म्हणेल तिथे सही करण्यात त्यांच्या वकिलीचा काय उपयोग झाला? अशा शोभेच्या पदावर कोणीही चाललं नसतं का?’

कोणीही चाललं नसतं. आता कारण सांगतो. राजेंद्रबाबूंनी बारा वर्षांत मंत्रिमंडळाचा सल्ला धुडकावून एखादं विधेयक शेवटपर्यंत अडवून धरलं, असं एकदाही झालं नाही. मात्र ‘मला हे कुठल्या कलमाने बांधतं?’ हा प्रश्नही त्यांनी कधी सोडला नाही. हरकत लेखी घ्यायची, तिच्यावर निर्णय मागायचा, विरुद्ध गेला तर तो पाळायचा आणि पुढच्या तारखेला मुद्दा पुन्हा काढायचा, ही अपिलाच्या बाजूला घडलेल्या वकिलाची रीत आहे. मी स्वतः दिवाणी अपिलंच चालवत आलोय. त्यांचा राष्ट्रपती भवनातला पत्रव्यवहार वाचताना मला तो राजकारण्याचा वाटत नाही, आमच्या बार रूममधल्या एखाद्या जुन्या, सौम्य आणि भयंकर चिवट वकिलाचा वाटतो.

जन्म ३ डिसेंबर १८८४, गाव जिरादेई, तेव्हाचा सारण जिल्हा, आता सिवान. (हा दिवस देशभरचे बार असोसिएशन अधिवक्ता दिन म्हणून पाळतात. भाषणं होतात, हार घातले जातात. राजेंद्रबाबूंनी कोर्टात नेमकं काय केलं, हे मात्र त्या भाषणांत क्वचितच येतं.) घर छोट्या जमीनदाराचं. वडील महादेव सहाय फारसी आणि संस्कृत जाणणारे, त्यामुळे मुलाच्या शिक्षणाची सुरुवात मौलवींकडे फारसीने झाली. १९०२ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते पहिले आले. तेव्हा बिहार, बंगाल आणि बराच पूर्व भारत त्या एकाच विद्यापीठाखाली होता, म्हणून बिहारच्या पोराचा पहिला नंबर ही तिकडे मोठी बातमी ठरली. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज, अर्थशास्त्रात एम. ए., थोडे दिवस मुझफ्फरपूरला प्राध्यापकी, मग पुन्हा कलकत्त्याला कायद्यासाठी. १९१५ मध्ये ते कायद्यातली पदव्युत्तर पदवी सुवर्णपदकासह घेऊन बसले. परीक्षांचं पुराण इथेच थांबवतो. परीक्षेत पहिले आलेले पुष्कळ जण कोर्टात दुसऱ्या तारखेलाच गळपटतात.

त्याच काळातली एक गोष्ट मात्र मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९१० च्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यात होते आणि सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीसाठी तरुण शोधत होते. त्यांनी राजेंद्रबाबूंना बोलावून घेतलं. वकिलीत पैसा आणि नाव मिळेल, पण देशाचाही तुमच्यासारख्यांवर हक्क आहे, असं काहीसं बोलणं झालं. राजेंद्रबाबूंचे पुढचे दिवस तळमळीत गेले. मोठे भाऊ महेंद्रप्रसाद तेव्हा कलकत्त्यातच, सोबत राहत होते. तरी समोर बसून बोलायचा धीर होईना, म्हणून एकाच घरात असताना त्यांनी भावाला लांबलचक पत्र लिहिलं : मला जाऊ द्या, मला पैशाची हाव नाही. भाऊ पत्र वाचून रडले. घरचे सगळे कोलमडले. राजेंद्रबाबूंनी विचार सोडून दिला.

हा प्रसंग पुष्कळदा त्यागाची पहिली ठिणगी म्हणून सांगितला जातो. मला त्यात पद्धत दिसते. मन मोकळं करायचं ते कागदावर, मागायची ती परवानगी, आणि मोठ्यांनी नाही म्हटलं की आदळआपट न करता मागे यायचं. चाळीस वर्षांनंतर पंतप्रधानांशी वागताना ते अगदी असेच वागले.

१९११ साली त्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. उमेदवारी झाली ती शम्सुल हुदा यांच्याकडे. इथे एक बारकावा समजून घ्या. गांधी, नेहरू, पटेल, आंबेडकर हे सगळे विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेले. राजेंद्रबाबू मात्र ‘वकील’, म्हणजे इथेच शिकून सनद घेतलेले. त्या काळी कलकत्त्याच्या मूळ शाखेत, म्हणजे दावे थेट उच्च न्यायालयातच सुरू होतात तिथे, उभं राहायचा मान बॅरिस्टरांचा. वकिलांच्या वाट्याला यायची अपिलाची बाजू. तिथे साक्षीदार नसतो, गॅलरी नसते, टाळ्या घेण्याजोगं काही नसतं. समोर छापील पेपर-बुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कागदांचा संच, असतो आणि न्यायमूर्तींचा एकच सवाल असतो : खालच्या कोर्टाची चूक कुठे आहे, पान दाखवा. पान दाखवता आलं नाही की अपील तिथेच गेलं. राजेंद्रबाबूंचा या कामात जम बसला. न्यायमूर्ती आशुतोष मुखर्जींवर त्यांच्या युक्तिवादाची इतकी छाप पडली की त्यांनी त्यांना कायद्याच्या महाविद्यालयात शिकवायला बोलावलं. १९१६ मध्ये पाटण्याला वेगळं उच्च न्यायालय झालं, तेव्हा राजेंद्रबाबू तिकडे गेले आणि थोड्याच काळात तिथल्या पहिल्या फळीत जाऊन बसले. सगळी मिळून वकिली नऊएक वर्षांची. पण माणूस घडायला तेवढी पुरते.

मग चंपारण. एप्रिल १९१७ मध्ये तिथले शेतकरी राजकुमार शुक्ल गांधीजींना पाटण्याला घेऊन आले ते थेट राजेंद्रबाबूंच्या बंगल्यावर. मालक घरी नव्हते. नोकरांनी गांधीजींना कुठल्यातरी खेड्यातला अशील समजून बाहेरच बसवलं. जात ठाऊक नाही म्हणून आतला संडासही वापरू दिला नाही. गांधीजींनी याचा राग धरला नाही. त्यांना धक्का बसला तो बिहारी वकिलांच्या फीचे आकडे ऐकून. शेतकऱ्यांचे कैवारी म्हणवणारे हे लोक त्याच शेतकऱ्यांकडून हजारोंच्या रकमा घेत होते. त्यावर त्यांनी ब्रजकिशोरप्रसाद, राजेंद्रबाबू आणि इतरांना जे सांगितलं ते कुठल्याही नामांकित वकिलाला झोंबेल असंच होतं : तुमच्या कायद्याच्या ज्ञानाचा मला फारसा उपयोग नाही, मला कारकून आणि दुभाषे हवेत. आणि हो, तुरुंगात जायची तयारी ठेवा.

प्रश्न निळीचा होता. तीनकठिया पद्धतीत कुळाने वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावायचीच, असं बंधन असे. जर्मनीच्या कृत्रिम रंगांमुळे नीळ परवडेनाशी झाली तेव्हा मळेवाल्यांनी हे बंधन ‘सोडण्याच्या’ बदल्यात खंड वाढवले आणि रोख रकमा उकळल्या. गांधीजींना जिल्हा सोडण्याची नोटीस मिळाली. १८ एप्रिलला मोतिहारीच्या कोर्टात त्यांनी आदेश मोडल्याचं सरळ कबूल केलं, आणि सरकारने खटलाच काढून घेतला.

इतिहासाची पुस्तकं इथे पान उलटतात. वकिलाला खरा रस आहे तो त्यानंतरच्या आठवड्यांत. राजेंद्रबाबू आणि बाकीचे वकील बेतिया-मोतिहारीत मांडी ठोकून बसले आणि रयतांचे जबाब लिहू लागले, हजारोंच्या संख्येने. नियम ठरलेला होता. येईल त्याचं रडगाणं जसंच्या तसं उतरवायचं नाही. प्रत्येकाची कसून उलटतपासणी घ्यायची : जमीन किती, पावती आहे का, मार कोणी दिला, तेव्हा कोण हजर होतं. उत्तरं जुळली नाहीत तर जबाब बाजूला टाकायचा. शेजारी गुप्त पोलिसांचा माणूस बसलेला असायचा, त्यालाही बसू द्यायचं. विचार करा, समोरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या नाडलेला, तुमची सहानुभूती पूर्णपणे त्याच्याकडे, आणि तरी त्याचीच उलटतपासणी घ्यायची. पण त्यामुळेच पुढे सरकारने फ्रँक स्लाय यांची चौकशी समिती नेमली तेव्हा त्या कागदांना कोणी खोटं म्हणू शकलं नाही. वाढवून घेतलेल्या रकमेचा २५ टक्के भाग परत करायचं ठरलं आणि १९१८ च्या चंपारण शेती कायद्याने तीनकठिया गेली. जाता जाता एक : हे वकील आले तेव्हा प्रत्येकाचा स्वतंत्र आचारी आणि नोकर होता, स्वयंपाकघरं वेगवेगळी. गांधीजींनी ती मोडून एकच चूल केली. बिहारमधल्या जातिवंत घरच्या वकिलांसाठी ही गोष्ट जबाब लिहिण्यापेक्षा जड गेली असणार.

१९२० मध्ये असहकार आला आणि राजेंद्रबाबूंनी वकिली सोडली. पण इथेही वकिलाचा धर्म बघा. ब्रह्मदेशातल्या एका मोठ्या जमीनदारीच्या दाव्यात त्यांनी अशिलाला आधीच शब्द दिलेला होता. चळवळीच्या नावाखाली त्यांनी तो मोडला नाही. तोच वाद पुढे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा १९२८ साली ते त्यासाठी लंडनला जाऊन राहिले. त्या मुक्कामानंतर युद्धविरोधी सभांच्या निमित्ताने ऑस्ट्रियात गेले असता ग्राझ शहरात विरोधकांनी सभेवर हल्ला केला आणि त्यात ते जखमी झाले. घेतलेलं वकीलपत्र निभावताना काय काय पदरात पडेल, सांगता येत नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाच्या कक्षेत नाहीत. सदाकत आश्रम, बिहार विद्यापीठ, तुरुंगवाऱ्या. जानेवारी १९३४ च्या भीषण भूकंपानंतर मदतनिधीचं काम, ज्यात पै-पैचा हिशेब ठेवण्याबद्दल त्यांचं नाव झालं. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद. १९३९ मध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिल्यावर पुन्हा तीच खुर्ची. १९४२ ते १९४५ बांकीपूर तुरुंग, दम्याचा विकार आणि आत्मकथेचं लेखन. १९४६ मध्ये हंगामी सरकारात अन्न व शेती खातं.

११ डिसेंबर १९४६ रोजी ते घटना समितीचे अध्यक्ष झाले. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि हे सगळं त्यांच्या खुर्चीसमोरून गेलं. म्हणजे कुठल्या कलमात काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय, हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना माहीत होतं. राहिलेली गोष्ट ही : कलम ७४ म्हणत होतं की राष्ट्रपतींना सहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, असं कुठेच म्हटलं नव्हतं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट केलं होतं की आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा. तो राष्ट्राचा प्रतिनिधी आहे, राज्यकर्ता नाही. पण भाषण म्हणजे कलम नव्हे. १९४९ मध्ये खुर्चीवरून राजेंद्रबाबूंनीच विचारलं, की हे बंधन घटनेत आहे कुठे? राष्ट्रपतींसाठी सूचनांचं एक परिशिष्ट जोडायचं घाटत होतं, तेही ऑक्टोबर १९४९ मध्ये सोडून दिलं गेलं. प्रथा पाळली जाईल, एवढ्यावर भागवलं.

२६ नोव्हेंबर १९४९ ला, घटना स्वीकारली त्या दिवशी, समारोपाच्या भाषणात राजेंद्रबाबू या मुद्द्यावर काय म्हणाले ते मूळ चर्चेच्या खंडांत जाऊन वाचाच. आशय असा : सल्ला मानलाच पाहिजे अशी स्पष्ट तरतूद नाही. तरी इंग्लंडचा राजा मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागतो ती प्रथा इथेही रुजेल आणि राष्ट्रपती सर्व बाबतींत घटनात्मक राष्ट्रपती राहतील, अशी आशा आहे. दोन महिन्यांनी, २६ जानेवारी १९५० ला, सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांच्यासमोर त्याच पदाची शपथ त्यांनी घेतली. नेहरूंच्या मनात त्या जागेसाठी राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) होते, ही गोष्ट आता लपलेली नाही. राजाजीही वकीलच. पक्षाचा कल राजेंद्रबाबूंकडे होता.

आता पंधरा सप्टेंबर १९५१. हिंदूंच्या विवाह-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल संसदेत अडखळत चाललेलं. राजेंद्रबाबूंनी नेहरूंना पत्र लिहिलं. त्यात त्यांचे मुद्दे दोन. पहिला : ही संसद हंगामी आहे, घटना समितीच तात्पुरती संसद म्हणून बसली आहे. समाजाच्या विवाह-वारशाच्या कायद्यात एवढा बदल करायचा कौल तिने मतदारांकडून घेतलेला नाही आणि सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आहे. दुसरा : विधेयक आलंच तर गुणदोष पाहून, संसदेला संदेश पाठवण्याचा, ते परत पाठवण्याचा किंवा संमती नाकारण्याचा निर्णय मी माझ्या विवेकाने घेईन.

पहिला मुद्दा राजकीय असला तरी त्यात दम होता. दुसरा कायद्याचा होता आणि लंगडा होता. नेहरूंनी तो ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि घटनेच्या मसुदा समितीतले कायदेपंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यापुढे ठेवला. दोघांचंही मत एकच पडलं : राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, कलम १११ मधला संमतीचा अधिकार कलम ७४ ला सोडून वाचता येणार नाही.

मला हे मत विचारलं असतं तर मी सेटलवाडांइतका विद्वत्तापूर्ण मजकूर लिहिला नसता. नुसतं २६ नोव्हेंबर १९४९ चं भाषण समोर ठेवलं असतं. दिवाणी कोर्टात पक्षकाराचंच आधीचं विधान त्याच्या विरुद्ध दाखवण्यासारखा दुसरा पुरावा नाही. ‘हे आपणच बोललात ना?’ एवढा एक प्रश्न, आणि उलटतपासणी संपली. बंधन लिहिलेलं नाही हे राजेंद्रबाबूंना ठाऊक होतं, आणि ते नसतानाही पाळलं जावं असं त्यांनी भर सभागृहात म्हटलं होतं. आपल्या मनाविरुद्धचं विधेयक येताच ती आशा बाजूला ठेवणं त्यांच्यासारख्या काटेकोर माणसाला शोभलं नाही. आणि विधेयकाच्या गुणदोषांवरही, मुलीला वारसा आणि बाईला घटस्फोट देणाऱ्या कायद्याच्या विरोधात उभे राहून ते चुकलेच, हे माझं स्पष्ट मत आहे. त्या महिनाअखेरीस बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची कारणं अनेक होती, पण या विधेयकाची झालेली परवड हे त्यांतलं मोठं.

पण मग झालं काय? मत विरुद्ध आलं. राजेंद्रबाबू वर्तमानपत्रांकडे गेले नाहीत, विरोधी पक्षांना भेटले नाहीत, खासदार फोडले नाहीत. निवडणूक झाली, नव्या संसदेने तेच कायदे तुकड्यातुकड्यांनी केले : हिंदू विवाह कायदा १९५५, वारसा कायदा १९५६, त्याच वर्षी पालकत्वाचा आणि दत्तक-पोटगीचा. चारही कायद्यांखाली संमती राजेंद्रप्रसादांची आहे. शोभेच्या पदावर कोणीही चाललं असतं का, याचं माझं उत्तर या चार सह्यांत आहे. हरकत फेटाळली गेल्यावर पुढचं काम मुकाट्याने चालवणं सगळ्यांना जमत नाही. मी असे वकील पाहिलेत जे निकालानंतर तासभर व्हरांड्यात भांडत बसतात.

जमीनदारीच्या बाबतीतही साधारण हेच घडलं, फक्त तिथे गुंता अधिक होता. बिहारचा जमीन सुधारणा कायदा १९५० साली त्यांच्या संमतीला आला. त्यांच्या शंका होत्या, त्या त्यांनी मांडल्या, सरकार हटलं नाही, सही झाली. त्यांचं स्वतःचं घर बिहारी जमीनदाराचं. न्यायाधीशाला अशा वेळी ‘माझ्यासमोर नको’ म्हणून प्रकरण दुसऱ्या पीठाकडे पाठवता येतं, राष्ट्रपतींना दुसरं पीठ नसतं. गंमत म्हणजे पुढे पाटणा उच्च न्यायालयाने हाच कायदा समानतेच्या मुद्द्यावर रद्द केला, आणि त्यातून जून १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती व नववं परिशिष्ट, म्हणजे कोर्टातल्या आव्हानापासून वाचवायच्या कायद्यांची यादी, जन्माला आलं. त्या दुरुस्तीखालीही सही त्यांचीच.

सोमनाथचं मात्र वेगळं. ११ मे १९५१ ला ते ज्योतिर्लिंगाच्या प्रतिष्ठापनेला गेले, नेहरूंना ते पसंत नव्हतं. पण कुठे जावं याबाबतची पंतप्रधानांची नाराजी म्हणजे कलम ७४ खालचा सल्ला नव्हे. राजेंद्रबाबूंनी हा फरक नेमका ओळखला आणि वापरला. तो निर्णय आवडो न आवडो, कायद्याच्या चौकटीत तो बसत होता.

१९५२ ची निवडणूक त्यांनी घटना समितीतले जुने सहकारी के. टी. शाह यांच्याविरुद्ध ५,०७,४०० विरुद्ध ९२,८२७ अशा मतमूल्याने जिंकली. १९५७ मध्ये पुन्हा निवडून आले. दोन वेळा निवडून आलेले राष्ट्रपती आजवर तेच. जानेवारी १९६० मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री थोरली बहीण भगवतीदेवी वारल्या. सकाळी त्यांनी संचलनाची मानवंदना घेतली आणि मग अंत्यसंस्काराला गेले.

त्याच वर्षी, २८ नोव्हेंबरला, दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीची पायाभरणी होती. समोर न्यायाधीश, वकील, पंतप्रधान. राष्ट्रपतींनी भाषणात सुचवलं की आपल्या राष्ट्रपतींचे अधिकार ब्रिटिश राजाइतकेच आहेत का, याचा संस्थेने शास्त्रशुद्ध अभ्यास करावा. राजा वंशपरंपरेने येतो, राष्ट्रपती निवडून येतो. राजावर महाभियोग नाही, राष्ट्रपतींवर कलम ६१ खाली आहे. मग दोघे एकसारखे कसे? दहा वर्षांपूर्वी फेटाळलेला मुद्दा म्हातारबोवांनी पुन्हा पटलावर आणला होता. नेहरूंनी तो झटकून टाकला. कन्हैयालाल मुन्शींसारख्या काहींना त्यात तथ्य वाटलं. तोवर सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या राम जवाया कपूर प्रकरणात राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख आणि खरी सत्ता मंत्रिमंडळाची, असं म्हणून ठेवलं होतं. म्हणजे कायदा त्यांच्या विरुद्ध बराच सरकला होता. मला या भाषणाचा राग येत नाही. प्रश्न बंद दाराआडच्या पत्रातून काढून वकिलांच्या संस्थेपुढे ठेवणं, तेही अभ्यासाचा विषय म्हणून, यात गैर काही नव्हतं.

१३ मे १९६२ ला राधाकृष्णन यांनी सूत्रं घेतली. राजेंद्रबाबू पाटण्याला सदाकत आश्रमात परतले आणि २८ फेब्रुवारी १९६३ ला गेले. त्यांचा प्रश्न त्यांच्यानंतर चौदा वर्षं जगला. १९७४ मध्ये समशेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी प्रथा पक्की केली. पण घटनेच्या मजकुरात ‘सल्ल्यानुसार वागतील’ हे बंधन आलं ते ४२ व्या दुरुस्तीने, जानेवारी १९७७ पासून. मग ४४ व्या दुरुस्तीने एवढी मोकळीक दिली की राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. दुसऱ्यांदा आला की मानायचा. लेखी हरकत, फेरविचार, मग पालन : राजेंद्रबाबू जे सवयीने करत होते ते आता कलमात बसलं.

‘वकील असला की झालं’ असं मात्र समजू नका. फक्रुद्दीन अली अहमद इनर टेम्पलचे बॅरिस्टर होते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद त्यांच्यापुढे आला तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. कामकाज नियमावलीतल्या नियम १२ चा, म्हणजे तातडीत पंतप्रधानांना मंत्रिमंडळाची बैठक न घेता निर्णय घेऊ देणाऱ्या नियमाचा, आधार घेतलेलं पंतप्रधानांचं पत्र तेवढं होतं. पाटणा-कलकत्त्यातला अपिलाचा वकील तिथे असता तर ‘ठराव कुठाय?’ हे त्याने नक्की विचारलं असतं. तेवढा एक प्रश्न त्या रात्री विचारला गेला नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय अशी घोषणा होणार नाही, ही अट ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये घातली ती त्यामुळेच. पुढे आर. वेंकटरामन, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील, रामनाथ कोविंद असे आणखी वकील त्या भवनात गेले. कारकीर्दी निरनिराळ्या, पण वेंकटरामन यांची एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल.

केंद्राच्या विधेयकाला राष्ट्रपतींनी सरळ संमती नाकारल्याची दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. पहिलं राजेंद्रबाबूंचं, १९५४ चं पेप्सू विनियोजन (म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणारं) विधेयक. पेप्सू म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबच्या संस्थानांचा तेव्हाचा संघ. तिथे राष्ट्रपती राजवट असल्यामुळे त्या राज्याचं विधेयक संसदेने केलं होतं. ते सहीला येईतो राजवटीची घोषणाच मागे घेतली गेली होती, तेव्हा संसदेचा अधिकार उरला नव्हता. दुसरं वेंकटरामन यांचं, १९९१ चं खासदारांच्या पगार-पेन्शनचं विधेयक. लोकसभा विसर्जित होण्याच्या तोंडावर घाईत संमत केलेलं, आणि त्याला राष्ट्रपतींची जी पूर्वशिफारस लागते ती घेतलेलीच नव्हती. दोन्ही वेळा कारण मतभेदाचं नाही, अधिकारक्षेत्राचं आणि कार्यपद्धतीचं. कलम १११ वर टिपण लिहायची वेळ आली तर ही जोडी घाला. बहुतेक मुलं राष्ट्रपती झैलसिंगांच्या वेळचं १९८६ चं टपाल विधेयक घालतात. ते नाकारलंच गेलं नव्हतं, नुसतं टेबलावर पडून राहिलं, आणि परीक्षक नेमका तिथे मार्क कापतो.